सर जिथं डोकं टेकवतात

देवावर आणि बेसबॉलवर एकाच दमात इतका विश्वास ठेवणारा माणूस उमरग्यात दुसरा झाला नाही, आणि पुढं होईल असं मला वाटत नाही. आमच्या लेकीचे खेळाचे सर. ज्या गावात पोरं पाळण्यातून उतरली की थेट क्रिकेट खेळतात, तिथं या माणसानं शेतकऱ्यांच्या पोरींच्या हाती बेसबॉलची बॅट दिली. सगळं जग ते याच खेळात बसवतात. कुणाचं लग्न जमलं की "पहिल्या बेसवर पोचला," आणि कुणी म्हातारा गेला की टोपी काढून "होमला पोचले." रविवारी चर्चमध्येही शिट्टी गळ्यातच. एकदा पाळकसाहेबांचा उपदेश जेवणवेळेच्या पार गेला, तेव्हा सरांनी सवयीनं ती वाजवली. सगळी मंडळी उठून उभी राहिली आणि पाळकसाहेबांनी मुकाट्यानं आशीर्वाद देऊन टाकला. सर आठवडाभर माफी मागत फिरले. मंडळी मात्र त्यांना अजून बोलावून चहा पाजते.

सामन्याआधी ते होमजवळ गुडघे टेकतात. होम म्हणजे जमिनीत बसवलेला पांढरा रबरी तुकडा. जिथून निघायचं तिथंच मैदानाच्या कोपऱ्यांवरचे तिन्ही बेस फिरून परत यायचं, त्याला अंग लागलं की गुण. सर त्यावर कपाळ टेकवून डोळे मिटतात. उठतात तेव्हा कपाळावर मैदान आखायच्या फक्कीचा पांढरा पट्टा उमटलेला असतो, आणि पोरी त्याला 'सरांचं गंध' म्हणतात.

या गंधानंच गेल्या वर्षी घात केला. धाराशिवला जिल्ह्याचा शेवटचा सामना, आणि अर्चना नावाची आमची सगळ्यात चपळ पोरगी वाऱ्यासारखी धावत आली. होमपाशी पोचली आणि त्यावरून चक्क उडी मारून पलीकडं गेली. पाय लावलाच नाही. समोरच्यांनी चेंडू आणून तिला बाद केलं आणि सामना गेला. का उडी मारलीस, असं विचारल्यावर ती माझ्या लेकीला म्हणाली, "सर जिथं डोकं टेकवत्यात तिथं पाय कसा ठिवायचा गं?" त्या दिवसापासून अर्चना मैदानावर आली नाही. सर तिच्या घरी जाऊन आले, तर ती लाजेनं बाहेरच येईना. "आता खेळ बास," असं घरच्यांचं चाललेलं. सरांना हरल्याचं काहीच नव्हतं. आपल्या प्रार्थनेमुळं एक पोरगी खेळातून उठली, हे मात्र त्यांच्या जिव्हारी लागलं.

एका दुपारी ते माझ्या दुकानात आले. हायवेवर माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवसाच्या शुभेच्छांपासून शर्टावरच्या छपाईपर्यंत सगळं करतो. "सलाम. शर्ट छापायचेत," ते म्हणाले, आणि त्यांनी मला बायबलातल्या उधळ्या पोराची गोष्ट सांगितली. बापाची इस्टेट उडवून, डुकरं राखून, शेवटी तो घरी येतो आणि बाप धावत जाऊन त्याला कवटाळतो. सरांना हे बेसबॉलमध्ये हवं होतं. पोरगं धुळीतून घसरत होमला येतंय, फेटा बांधलेला बाप पंच आहे, आणि मागं हातमोजा घातलेलं डुक्कर चेंडूची वाट बघतंय. मी हसून लोळायचा बाकी राहिलो. मन लावून चित्र काढलं आणि बापाचं एक बोट वर दाखवलं. म्हटलं, पंचाचा पंच झाला आणि आभाळातल्या देवाकडंही निर्देश झाला.

सरांनी कपाळाला हात लावला. "अहो, बाप पोराला आऊट द्यायलाय की. डुकरं राखून पोरगं घरला आलंय, आन् तुम्ही त्याला तंबूत धाडायले?"

बेसबॉलचा पंच दोन्ही हात पसरतो, तेव्हा पोचणारा वाचला. मी हात पसरले. चहाला थांबलेला एक ट्रकवाला वाकून बघून म्हणाला, "बाप वाईड द्यायलाय व्हय?" सरांनी त्यालाही बसवून सगळी गोष्ट सांगितली. ट्रकवाला हैदराबादला उशिरा पोचला असणार.

"खाली काय लिहू?" मी विचारलं. सरांनी चित्रातल्या होमवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "लिव्हा. पाय ठिव पोरी, घर तुझंच हाय." त्या क्षणी मला हा माणूस केवढा मोठा आहे ते कळलं. जिथं स्वतःचं डोकं टेकवायचं तिथं दुसऱ्याचा पाय आनंदानं मागणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

अर्चनाचा शर्ट माझी लेक घेऊन गेली. त्या शनिवारी सरावाला मी मुद्दाम तारेच्या कुंपणाशी उभा राहिलो. अर्चना आली. अंगात तोच शर्ट, जरा ढगळ. धावली, वळली, होमपाशी आली आणि थबकली. सगळ्या ओरडत होत्या, चेंडू येत होता, आणि या बाईनं वाकून आधी होमला हात लावला, हात कपाळाला नेला, मग हळूच पाय ठेवला.

"सर, आऊट हाय ती," पकडणारी म्हणाली.

चेंडू आधी आला की हात, ते मला दिसलं नाही. सरांना दिसलं की नाही, कोण जाणे. त्यांचे दोन्ही हात पसरलेले होते. "हात लागलाय. नेमात बसतंय," ते म्हणाले, पण हात बराच वेळ खाली आले नाहीत.

यंदा सर निवृत्त होताहेत. नवीन कोण येणार, येणार तरी का, ते शाळेलाच ठाऊक नाही. संध्याकाळी दुकान बंद करून मी कधी मैदानावरून जातो. होम अजून तिथंच आहे, जरा धुळीत गेलंय. कुणी बघत नाही ना ते पाहतो, आधी हात लावतो, आणि मगच पाय ठेवतो.