काकी बसली तेव्हा

महिना होत आला. मी विश्रामबागेतल्या घरी ओट्याशी उभी होते आणि कोरेगावहून चुलतभावाचा फोन आला. "ताई, आई गेली... खुर्चीत बसल्या बसल्या." रडू यायच्या आधी माझ्या मनात आलं, काकी बसली कधी? तिला बसलेली बघणं म्हणजे उंबराचं फूल बघणं. नंतर कळलं, मांडीवर सूप घेऊन शेंगा फोडत होती. म्हणजे तेही कामच.

सुनेनं सासऱ्यासमोर खुर्चीवर बसायचं नाही, हा सत्तरच्या दशकात आमच्या घरचा रिवाज. आबा, म्हणजे माझे आजोबा, दिवसभर घरातच असायचे, त्यामुळे काकीला दिवसभर खुर्ची नव्हती. एका मे महिन्यात काका पलटणीतून सुट्टीवर आले आणि सरकारांचा, म्हणजे आमच्या संस्थानच्या राजेसाहेबांचा, डोंगरावरचा उन्हाळी बंगला बघायला सगळ्यांनी जायचं ठरलं. संस्थान कधीच विलीन झालं होतं, रविवारी कुणालाही आत सोडत. पुरुषांनी सहल ठरवायची आणि बायकांनी भाकरी थापायच्या. काकी पहाटेपासून चुलीपुढं होती, आणि जीपमधून उतरल्यावर ताकाची कळशीही तिच्याच कमरेवर.

जेवणं झाली, सगळे झाडाखाली आडवे झाले. काकीला वरचा मजला बघायचा होता, म्हणून मी तिच्याबरोबर गेले. राणीसाहेबांच्या खोलीत वाळ्याचे पडदे सोडलेले, आत गार अंधार, आणि मधोमध उंच पाठीची मखमली खुर्ची. काकी तिच्याकडं बघत राहिली. "लय पाय दुखाय लागलेत गं. जरा टेकते. कोन बघतंय हितं?" ती बसली, डोक्यावरचा पदर नीट केला, खुर्चीच्या हातांवर हात ठेवले आणि डोळे मिटले. इतकी स्वस्थ मी तिला कधी पाहिली नव्हती... मला श्वाससुद्धा मोठ्यानं घ्यावासा वाटेना.

तेवढ्यात आबा दारात आले. लहानपणी दसऱ्याला ते वडिलांबरोबर याच बंगल्याच्या सरकारांना आणि राणीसाहेबांना मुजरा करायला जात. भर उन्हातून आलेल्या डोळ्यांना अंधारात खुर्ची दिसली, पदर दिसला, आणि त्यांची पाठ आपोआप वाकली. माझ्या आजोबांनी स्वतःच्या सुनेला कमरेत वाकून मुजरा केला. काकी ताडकन उठली. "आवं मामंजी, मी हाय," एवढंच कसंबसं म्हणाली. मला हसू येत होतं, पण ती पदरानं खुर्चीचे हात पुसायला लागली, ते बघून हसू जिरलं. आबांनी फेटा सारखा केला. मग म्हणाले, "आता उठून काय उपेग? बस." काकी बसली नाही.

पुढच्या बाजाराला आबांनी हात असलेली एक लाकडी खुर्ची आणली, स्वयंपाकघरात ठेवायला लावली आणि मला म्हणाले, "सांग तिला, हितं मी येनार न्हाई." त्यानंतर ते खरोखर आत आले नाहीत. पाणीसुद्धा बाहेरून मागत. काकीनं मात्र त्या खुर्चीवर पातेली, परात, धुतलेल्या वाकळा ठेवल्या. कधीही म्हटलं तरी एकच उत्तर, "बसते की, एवढं उरकलं की." आबा गेले, काका गेले, सुना आल्या, तरी उरकलं नाही. पूर्वी मला तिचा राग यायचा. आता मीही दिवसभर उभीच असते, त्यामुळे राग येत नाही, नुसता थकवा येतो...

तेराव्याला फोटो पाटावर ठेवायचा की टेबलावर, यावर घोळ चालला होता. मी स्वयंपाकघरातली ती खुर्ची आणायला सांगितली, काकी शेवटी बसली होती तीच. तेरा दिवसांत तिच्यावर पुन्हा कुणीतरी परात ठेवली होती, ती उचलली. काकीचा धड असा एकच फोटो सापडला होता, काकांनी त्या सहलीत काढलेला. त्यात आम्ही सगळे बंगल्याच्या पायऱ्यांवर बसलोय. भावानं त्यातून तिच्यापुरता भाग मोठा करून आणला होता. आम्ही तो खुर्चीवर ठेवला, हार घातला. फोटोत काकी उभी आहे, कमरेवर कळशी घेऊन.