बसू का, असं विचारणारे

माझी शाळा दुसरीपर्यंत. तेव्हा जसं आठवतं तसं सांगते.

माझा थोरला भाऊ डोक्यानं बिघडला तेव्हा गावात पोलीस आले आणि दोरीनं बांधून घेऊन गेले. तो परत घरी आला नाही. आम्ही त्याचं नाव घेणं बंद केलं. रडत बसायला वेळ कुणाला होता, सकाळी निंदायला जायचंच होतं.

म्हणून इथं, शिकागोजवळ मुलाच्या घरी, सुनेनं मदतीला फोन लावायला घेतला तेव्हा मी तिचा हातच धरला. मुलाला झोप नव्हती. ऑफिसातले लोक भिंतीतून ऐकतात म्हणायचा. त्या दुपारी घराला लागूनच्या गॅरेजमध्ये गेला, आतून लॉक केलं, आणि त्या थंडीत बाहेर येईना.

"पोलिसांना बोलवू नको," मी म्हणलं.

"पोलीस नाहीत हो आई. आता सिटीचे दुसरे लोक येतात. नर्स असते."

मला काही खरं वाटलं नाही. सरकारचं माणूस ते सरकारचंच.

दोघं आले. एक पोरगी, एक टकला माणूस. बंदूक नाही, काठी नाही. मी सरळ त्या पोरीच्या पायाशी खाली बसून वाकले, माझ्या लेकराला नेऊ नको म्हणून. तिला पाया पडणं काय ठाऊक. तिला वाटलं या घरात खालीच बसतात. बसली की माझ्या शेजारी फरशीवर, ओल्या बुटांसकट मांडी घालून. सून रडत होती, तशीच हसली.

मग ती पोरगी बसल्या बसल्या गॅरेजच्या दाराशी सरकली आणि हळू काहीतरी बोलली. सुनेनं सांगितलं, "आई, ती त्याला विचारतेय, इथं बसू का?"

एवढ्या वयात मी सरकारी माणसाला कुणाला विचारून बसताना बघितलं नव्हतं. आणि विचारलं कुणाला, तर डोकं फिरलेल्या माणसाला. आतून तो बसा म्हणाला.

तो टकला पण बोलत होता. म्हणे तो स्वतः एकदा कपड्यांच्या कपाटात लपून बसला होता. मी सुनेला परत परत विचारलं, हाच आजार? हाच, म्हणाली. बरा झाला, आणि त्याला हेच काम दिलं. मी त्याच्या तोंडाकडं बघतच राहिले.

कुणी दार ढकललं नाही. चहा गार झाला, बाहेरचा उजेड उतरला, तरी ती दोघं हलली नाहीत. मग लॉक वाजलं. ओठ निळे पडलेले, तसा तो दारात उभा.

"आई, खाली काय बसलीस? गुडघे धरतील ना."

त्यानं हात दिला, मला उठवलं. आई बरोबर आली तर डॉक्टरकडं येतो, म्हणाला. ते हो म्हणाले. त्यांच्या गाडीत मी खिडकीशी, तो माझ्या शेजारी. शेजारच्या घरातला गोरा दारातला बर्फ लोटत होता, त्यानं हात केला. माझ्या पोरानं पण केला.