यात कुठपर्यंत आई आहे?

अक्काची, माझ्या थोरल्या बहिणीची, माती झाली त्या दुपारी मी लातूरहून तैवानला फोन लावत होतो आणि पलीकडून कुणी उचलत नव्हतं. तिची लेक शिवलीला, आमची शिवू, तिथल्या चिपच्या कारखान्यात शिकायला गेलेली. आत जाताना मोबाइल बाहेर ठेवावा लागतो. ती बाहेर आली तेव्हा आम्ही स्मशानातून परतून, हातपाय धुऊन बसलो होतो...

शिवूला या वाटेला लावलं मीच. मी नांदेडला तंत्रनिकेतनात जन्मभर इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं आणि निवृत्तीनंतर वर्तमानपत्राच्या याच पुरवणीत सेमीकंडक्टर धोरणावर लेख खरडले. सरकार कारखान्यांचा निम्मा खर्च उचलतंय, पण शिकलेली माणसं कुठून आणणार, हा माझा ठरलेला सवाल. गुजरातेतल्या नव्या कारखान्याने शिवूला नोकरीवर घेऊन तैवानला धाडलं, तेव्हा मी गल्लीभर पेढे वाटले. अक्काचं लातूरच्या गंजगोलाई बाजारात किराणा दुकान. तिला समजावताना मी आधी चिप म्हणालो, मग ती जिच्यावर बनते ती चकती, वेफर, म्हणालो. तिने दुकानात टांगलेल्या पाकिटांच्या माळेकडे बघितलं. "अरे बापू, हे तर मीबी विकते की! ह्याला सरकार पैसे द्यायलंय?" आणि स्वतःच डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

मग तिचं दुखणं निघालं, तेही अगदी शेवटच्या टप्प्यातलं. "शिवूला सांगायचं न्हाई," तिने बजावलं. "पोरगी अर्ध्यात सोडून यील. मालक गेल्यावर दुकान चालवून शिकवलंय मी तिला." आवाज खोल जायला लागला, तशी युक्तीही तिनेच काढली. बरं वाटायचं त्या सकाळी मला मोबाइल धरायला लावून बोलायची, "जेवलीस का गं? आज गिऱ्हाईक लई हाय, मग बोलते." असे आवाजाचे कितीतरी तुकडे भरून ठेवले. पुढे तिला पाणीसुद्धा गिळवेना, आणि मी खाटेशेजारी बसून तिच्या फोनवरून रोज एक तुकडा पाठवत राहिलो. शिवू तिकडून लाल बदाम पाठवायची.

अक्काचा शब्द पाळला, असं मी लोकांना सांगतो. अर्धं खोटं आहे ते. शिवू शिक्षण सोडून आली असती तर माझ्या लेखांतलं एकुलतं एक जिवंत उदाहरण गेलं असतं, हेही मनात होतं. लिहायला लाज वाटते. एकदा अक्का गुंगीत पुटपुटली, "शिवू आली का?" मी म्हणालो, "येईल." अरे मेल्या, तेव्हा तरी फोन लावायचा!

शिवू तिसऱ्या दिवशी पोचली. भांडली असती तर बरं झालं असतं. आईच्या खाटेवर बसून ती फोनमध्ये आलेले तुकडे ऐकत मागे मागे जात राहिली. मग म्हणाली, "मामा, यात कुठपर्यंत आई आहे, आणि कुठून तुम्ही?"



ती परत गेली, शिक्षण पुरं करतेय. अधूनमधून फोन करते, त्यातला एक तुकडा ऐकवते आणि विचारते, "हा?"

मी म्हणतो, "आई."

दरवेळी तेच म्हणतो.