बास एकसारखा हवा

मी बेंजो पार्टीत बास गिटार वाजवतो, हे सांगितलं की लोक आधी हसतात. मिरवणुकीत त्यांना बेंजो दिसतो, ताशे-ढोल दिसतात, फार तर कीबोर्ड. मागे चार जाड तारांची गिटार घेऊन उभा असलेला, पोट सुटलेला बँकेतला माणूस कोणाला दिसत नाही. मला त्याचं काही वाटत नाही. मी थांबलो की नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात, असं मी आपलं समजत आलोय.

बेंजो वाजवतो तो माझा मावसभाऊ, माझ्याहून बराच मोठा, म्हणून दादा. पार्टी त्यानेच उभी केली आणि गिटारही माझ्या हातात त्यानेच दिली. यंदा गणपतीच्या आगमनासाठी तालमी सुरू झाल्या आणि काळाचौकीला, मंडळाच्या खोलीत, सगळ्यांसमोर दादा म्हणाला, "तुझा बास एकसारखा येत नाय रे. खालच्या सुरात धडधडतो, वरच्या सुरात गेलास की गायब. आगमनाच्या आत नीट कर, नायतर बास कीबोर्डवर घेऊया."

कीबोर्डवाल्याने तिथल्या तिथे डाव्या हाताची बोटं मोकळी केली. मला राग आला आणि भीतीही वाटली. या पार्टीत माझी तेवढीच जागा होती, आणि पार्टीबाहेर मी कोण, तर काऊंटर नंबर चार.

उपाय कीबोर्डवाल्यानेच सांगितला. "काका, कंप्रेसर पेडल लावा. सगळा आवाज एका लेव्हलला." घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, आपला फ्रिज चांगला चाललाय की."

कंप्रेसर म्हणजे काय, ते मला लवकर कळलं. लग्नाच्या ग्रुप फोटोत फोटोग्राफर उंच माणसांना खाली बसवतो आणि बुटक्यांना पायरीवर चढवतो, तसा हा डबा करतो. जोरात वाजलेला सूर दाबतो, हळू वाजलेला उचलतो. इथपर्यंत ठीक होतं. पण कोणता घ्यायचा? एकाला एकच बटण, दुसऱ्याला सहा. मोबाईलवर एक जण सांगे, कंप्रेसरशिवाय बास म्हणजे मिठाशिवाय आमटी. लगेच पुढचा म्हणे, ज्यांना वाजवता येत नाही त्यांनाच तो लागतो. हे ऐकलं आणि नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते आपणच की काय, असं वाटून माझी झोप उडाली.

शेवटी गिरगावातल्या एका जुन्या वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार वयस्कर, शांत. त्याने पेडल जोडून दिलं, मी वाजवलं. त्याने ते पायाने बंद केलं, मी परत वाजवलं. "फरक पडला?" त्याने विचारलं. मला काहीच कळलं नव्हतं, पण अनोळखी माणसासमोर तसं म्हणायची लाज वाटली. "थोडा," मी म्हणालो. तो खूश झाला. "साब, अच्छा कंप्रेसर सुनाई नहीं देता."

आता बोला! ऐकू येत नाही तोच चांगला, तर मी निवडू कशावरून? वाईट तेवढा ऐकू येणार का? भाजी घेताना भेंडीचं टोक मोडून बघता येतं, इथे काय मोडायचं? डोक्याचं पार दही झालं. एक पेडल घेऊन आलो. बदलून द्यायचं किंवा परत घ्यायचं त्याने कबूल केलं होतं.

रविवारी सकाळी तालमीत ते लावलं. कीबोर्डवाला म्हणाला, "मस्त बसलाय काका." दादा म्हणाला, "गायब." मी गिरगावात जाऊन ते बदलून आणलं. पुढच्या रविवारी सहा बटणांचं लावलं, सगळी बटणं फिरवून झाली. ताशावाल्यानेही मान डोलावली. दादा स्पीकरच्या खोक्यावर तळहात ठेवून उभा होता. "खाली येतोय. वर गेलास की नाय." मग सगळे चहाला खाली उतरले. माझ्यात चहा प्यायचंही अवसान नव्हतं. मी तिथेच बटणं बघत बसलो.

दादाही थांबला होता, बेंजो लावत. त्याच्या बारीक तारेचा सूर उतरला होता, चांगलाच उतरला होता. तो कान जवळ नेऊन तार छेडत होता, किल्ली फिरवत होता, आणि फिरवत होता उलटी. सूर आणखी उतरला. मी वाट बघितली, आता लक्षात येईल, मग येईल. दादाने मान हलवली आणि समाधानाने बेंजो खाली ठेवला. आम्ही एका चाळीत राहायचो तेव्हा हा माणूस मला खालच्या गॅलरीतून ओरडून सांगायचा की तुझी तिसरी तार चढलीय.

"दादा, बारीक तार उतरलीय," मी म्हणालो.

"किती?" त्याने विचारलं.

दादाने सुराबद्दल कधी कोणाला काही विचारल्याचं मला आठवत नाही. दाराकडे बघून तो हळू आवाजात बोलला. एरवी तो माझ्याशी मालवणी बोलत नाही, मावशी गेल्यापासून तर नाहीच. "बारीक आवाज माका आयकाक येनत नाय. बोटां सवयीन चलतत. तुझो बास तेवढो पायांतून कळता. तो गेलो की मी गेलंय."

"मग कीबोर्डवर घेऊया असं का म्हणालास?"

"कीबोर्डचो बास सगळीकडे सारखो येता म्हणून. पण कीबोर्डवाल्याक माझा थांबणा कळणा नाय. तुका कळता."

मला रडूही येत होतं आणि त्याला दोन शिव्याही घालाव्याशा वाटत होत्या. डॉक्टरकडे चल म्हणालो, तर "गणपती होऊंदेत, कोणाक बोलू नको," एवढंच. मी हो म्हणालो. ते बरोबर केलं की चूक, मला अजून कळलेलं नाही. त्याची बारीक तार मी लावून दिली. पेडल परत केलं तेव्हा दुकानदाराने विचारलं, "तो फिर चाहिए कैसा?" मी पैसे मोजून खिशात टाकले आणि निघालो.

आगमनाच्या दिवशी मी सगळं सर्वांत जाड दोन तारांवर, खालच्या सुरांत वाजवलं. कीबोर्डवाला चिडवत होता, "काका, बाकीच्या दोन तारा विकून टाका." दादा पाठमोरा होता. त्याचा उजवा पाय माझ्या ठोक्याला पडत होता. मध्ये एका चालीत, जिथे दरवर्षी लोक शिट्ट्या मारतात, सवयीने माझी बोटं वर बारीक तारेवर गेली. शिट्ट्या आल्या. दादाचा पाय हवेतच थांबला.

मी खाली आलो. पाय परत पडायला लागला.