कानापर्यंत आलेले हात

आमच्या सोसायटीच्या सभेत हात कसे वर होतात, हे पाहण्यासारखं असतं. आधी अध्यक्षांचा जातो, मग त्यांच्या शेजाऱ्यांचा. उरलेले कानापर्यंत येऊन थांबतात. वारा फिरलाच तर कान खाजवता यावा, एवढी सोय त्यात असते.

परवाचा ठराव होता, जिन्याखाली इस्त्री करणाऱ्या सुशीलाबाईंना हटवण्याचा. त्यांच्यामुळे नव्या ग्रॅनाइटच्या प्रवेशद्वाराची शोभा जाते म्हणे. सूचक मिळाले, अनुमोदकही मिळाले. अध्यक्ष ‘सर्वानुमते’ म्हणणार, तोच दुसऱ्या मजल्यावरच्या लेलेकाकू म्हणाल्या, “माझा विरोध लिहा.”

“काकू, अख्खी बिल्डिंग एका बाजूला आहे,” अध्यक्ष म्हणाले.

“असू दे की. मी कुठे तिला माझ्या मागे बोलावतेय?”

काकूंसारखं कुणाच्या पुढे व्हायचं नाही आणि कुणाच्या मागेही जायचं नाही, अशी एक जागा असते खरी. मागून चालणाऱ्याला रस्ता ठाऊक असावा लागत नाही, हे सुख मोठंच. पण उद्या सुशीलाबाईंचं टेबल रस्त्यावर आलं, तर ते माझ्याही हातानं आलेलं असेल.

कानाशी थांबलेला हात मी विरोधासाठी पुरता वर केला.

“तुम्ही आता काकूंच्या मागे का?” अध्यक्षांनी विचारलं.

“नाही,” मी म्हणालो. “माझा वेगळा लिहा.”