नजरेचं माप

मी शिंपी आहे, आणि या गावात माझ्या हातचे एकोणीस शर्ट असे आहेत की ज्यांचा खिसा पाठीवर आहे. छातीवरचा खिसा वाकलं की रिकामा होतो, हा शोध मला एका सकाळी लागला. पाठीवर हात पोचत नाही, हा शोध गिऱ्हाइकांनी लावला. त्या आठवड्यात मी जेमतेम दोन तास झोपत होतो, आरशातल्या माणसाला शाबासकी देत होतो, आणि बायको "अहो, जरा थांबा" म्हणाली की तिच्या अज्ञानाची कीव करत होतो. अति तिथं माती. शर्ट परत आले आणि मी कापायच्या टेबलाखाली आडवा झालो, तो महिनाभर. एवढा थोर संशोधक, पण दात घासणं जमेना. तेव्हा मरावंसं वाटायचं. एवढी एक गोष्ट मला अजून हसत सांगता येत नाही.

डॉक्टर म्हणाले, "याला बायपोलर म्हणतात."

"आजार कसला, डॉक्टर? मूड असतो माणसाचा."

"मूड एकोणीस शर्ट कापत नाही."

गोळ्या सुरू झाल्या. शिवाय दर आठवड्याला समुपदेशक बाईंकडे जायचं ठरलं. पहिल्याच दिवशी मी त्यांना त्यांच्या ड्रेसची बाही चुकीची जोडलीय हे समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तुमचा मूड चढायला लागतो तेव्हा सगळ्यात आधी काय बदलतं?"

मी खोल विचार करून म्हणालो, "माझी प्रतिभा जागी होते."

शेजारून बायको म्हणाली, "हे टेप खाली ठेवतात. 'मापं कशाला, मला नजरेनं कळतं,' म्हणतात. ते वाक्य आलं की मी समजते."

सव्वीस वर्षं संसार केला, पण माझं माप तिने घेतलंय हे मला त्या दिवशी कळलं. बाईंनी माझ्या मापाच्या वहीत एक पान माझ्याच नावाने उघडायला लावलं. रोज लिहायचं: झोप किती, बोलणं किती, चिडचिड किती. खाली एक अट. ते वाक्य तोंडातून आलं की मोठी कात्री बायकोच्या ताब्यात द्यायची आणि डॉक्टरांना फोन करायचा. मी झोकात सही केली. आपल्याला कधी लागणार आहे ती अट, असं वाटत होतं.

माझ्या लेकीच्या शाळेच्या निरोपसमारंभाचा ड्रेस मी नजरेनं कापला होता. ती त्यात शिरली कशीबशी, पण हात वर होईनात. तेव्हापासून शिंप्याची लेक तयार कपडे घालते. यंदा ती वकील झाली आणि काळं कापड माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "बाबा, पहिल्या दिवसाचा कोट तुम्हीच शिवा. सोमवारी लागेल." मी बटणं शोधायच्या निमित्ताने डोळे पुसले.

गुरुवारी मी पहाटे साडेतीनला टवटवीत उठलो. दुकान झाडलं, सगळी बटणं रंगांप्रमाणे लावली, शिट्टी वाजवली. दहाला लेक आली आणि मापासाठी हात पसरून उभी राहिली. माझ्या हातात कात्री होती.

"अगं, हात खाली घे. मापं कशाला, मला नजरेनं..."

तिने हात खाली घेतले नाहीत.

खरं सांगतो, या वेळी तरी माझंच बरोबर आहे याची मला शंभर टक्के खात्री होती. या आजाराची खोडच ती. तो आत आला की स्वतःच्या अंगात शहाणपण आल्यासारखं वाटतं. मला ओरडावंसं वाटलं. पण पसरलेले ते हात दिसत होते. मी बायकोला हाक मारली, कात्री तिच्या हातात दिली आणि म्हणालो, "फोन लाव."

डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. बाईंनी झोपेची वेळ बांधून दिली आणि नवं काम बंद करायला सांगितलं. सोमवार उजाडला तेव्हा कापड तसंच होतं आणि लेकीच्या अंगात बाजारातला तयार कोट होता. मला तोंड वर करवेना.

ती समोर येऊन हात पसरून उभी राहिली. "बाबा, बाह्या लांब झाल्यात. आत दुमडून टाके घाला. पण माप घेऊन हं."

मी टेप लावला. मग पुन्हा लावला. उजवी बाही, डावी बाही, सगळं हाताने शिवलं. दोरा कापायला कात्री मागितली, तर बायको म्हणाली, "डॉक्टर सांगतील तेव्हा." लेकीने दोरा दातांनी तोडला आणि निघाली. दारातून वळून म्हणाली, "ते कापड जपून ठेवा, बाबा. मला दुसऱ्या कुणाकडून शिवायचं नाहीये."