पट्टा घातलेलं डुक्कर आणि मोकळा बांध

ते प्रकरण अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. चोऱ्या, मारामाऱ्या, खून, नोकरीत सगळं पाहिलं. पण डुकराच्या गळ्यातल्या पट्ट्यासाठी फिर्याद घेतली ती एकदाच. मी सातवी शिकलेला माणूस. शिपाई म्हणून लागलो आणि सहायक फौजदार होऊन घरी आलो. कुणाच्या वशिल्याने चढलो नाही, त्यामुळे लिहायला लाज वाटत नाही. नावं मात्र कुणाचीच घेणार नाही, माणसं हयात आहेत. गाव कर्जत तालुक्यातलं, एवढं पुरे. जिल्ह्याला आता अहिल्यानगर म्हणतात. माझ्या तोंडी नगरच येतं आणि ते तसंच येणार.

सकाळची हजेरी झाली होती. ठाणे अंमलदार डायरी उघडून बसला होता आणि मी चहा घेत होतो. एक बाई आल्या. वय तिशीच्या आसपास, पायात चिखलाचे बूट. म्हणाल्या, "माझं रानडुक्कर हरवलंय."

अंमलदार हसला. मी हसलो नाही. फिर्याद द्यायला आलेल्या माणसाला हसलं की तो निम्मी गोष्ट पोटातच ठेवतो, हे मला ठाऊक होतं.

बाई संशोधन करणाऱ्या होत्या. आमच्याकडे माळावर, वेड्या बाभळींत रानडुकरं मोप. ती मक्यात, भुईमुगात शिरतात, तशीच गावाच्या कचऱ्यावरही येतात. तिथे गावातली पाळलेली डुकरं असतात. दोन्ही डुकरं कुठे एकत्र येतात आणि एकाचा रोग दुसऱ्याला कसा लागतो, हा मॅडमचा अभ्यास. त्यासाठी वन खात्याच्या परवानगीने त्यांनी काही रानडुकरांच्या गळ्यात पट्टे बांधले होते. पट्ट्याला डबी, आणि डुक्कर कुठे फिरतं ते डबी संगणकावर सांगते. गावातल्या पाळीव डुकरांचंही रक्त तपासून कानाला बिल्ले मारले होते.

"मग हरवलं कसं? डबी सांगते ना?" मी विचारलं.

"तीच तर अडचण आहे काका. एक नर आधी रात्री फिरायचा आणि दिवसा बाभळीत पडून राहायचा. मग तो दिवसा गावातल्या नाल्यावर फिरायला लागला आणि रात्री एका जागी झोपायला लागला. आधी आम्ही खूश झालो. वाटलं, रानडुक्कर पाळीव डुकरांत राहायला आलं. पण मी नाल्यावर जाऊन पाहिलं तर रानडुक्कर कुठेच नाही."

तोवर ही बातमी गावात पोचली होती. रानडुक्कर डुकरंवाल्याच्या दारात मुक्कामाला आहे, आता रोग येणार, असं जो तो बोलत होता. त्या गावात डुकरं पाळणारं एकच घर, गावाच्या कडेला नाल्यापाशी. गावाने त्याला डुकरं आवारात कोंडून ठेवायला लावली होती. डुकरांसकट त्याला गावातून हलवायचं, असा ठराव दुसऱ्या दिवशीच्या ग्रामसभेत यायचा होता. म्हातारा-म्हातारी तिथे लग्नापासून राहत होती.

"हे माझ्या नकाशामुळे झालं," मॅडम म्हणाल्या. "तो नकाशा खोटा असेल तर मला ते उद्याच्या आत कळायला हवं."

डबी चालतेय आणि डुक्कर नाही, म्हणजे पट्टा कुणीतरी काढलाय; मी पट्टा चोरीची तोंडी खबर लिहून घेतली.

खबऱ्या शोधायला लांब जावं लागलं नाही. ग्रामपंचायतीची घंटागाडी चालवणारा एक गडी आहे. गावात कुणाच्या घरी काय शिजतं ते त्याला कचऱ्यावरून कळतं. त्याला टपरीवर गाठला.

"फौजदार, पट्टा घातलेलं डुक्कर मी पाह्यलंय की. डुकरं कोंडायच्या आदी रोज नाल्यात लोळायचं. मला वाटलं कुत्र्याचा पट्टा हाय. पर त्याला डबी व्हती."

"रानातलं का गावातलं?"

"कानाला बिल्ला हाय. रानातल्याला कोन बिल्ला मारंल? वाघ?"

आम्ही जीप घेऊन गेलो. काट्यांचं कुंपण, आत डुकरं उन्हाने धापा टाकत होती. त्यात एका थोराड डुकरिणीच्या गळ्यात तो पट्टा. म्हाताऱ्याने तिचं पोट खाजवलं तशी ती लाडाने आडवी पडली. पट्टा पान्याने काढावा लागला. पंचनामा केला, पट्टा मुद्देमालात घेतला.

"हा कुणी घातला?" मी विचारलं.

"मला काय म्हाईत सायेब. मागं मॅडमच्या मान्सांनी रगत काडलं, कानाला बिल्ला ठोकला. मंग येक दिस गळ्यात पट्टा दिसला. म्हनलं, त्यांचाच आसंल. आमाला इचारून कोन काय करतं व्हय?"

त्याची बायको आतून म्हणाली, "आमाला वाटलं सरकारनं डुकरिनीला नोकरी लावली. पगार घ्यायला कुटं जायाचं तेवढं सांगा."

माझा शिपाई हसला. मी म्हाताऱ्याला चौकशीसाठी जीपमध्ये बसवलं. दिवसाची वेळ, पारावर माणसं बसलेली. सगळ्यांनी पाहिलं. कुणीतरी म्हणालं, "गेली एकदाची पीडा."

आमच्या साहेबांना प्रकरण सरळ दिसत होतं. याने रानडुक्कर मारून खाल्लं, आणि शोध लागू नये म्हणून पट्टा आपल्या डुकराला घातला. दिसायला ते तसंच होतं. मी म्हाताऱ्याला समोर बसवून चहा दिला आणि उलटसुलट विचारत राहिलो. रानडुक्कर कुठे मारलंस, कुणाबरोबर मारलंस, मटण कुणाला दिलंस. तो एकच सांगत होता, मला म्हाईत न्हाई, आणि मधेच विचारत होता, "डुकरांना पानी कोन पाजंल? म्हातारीच्यानं हंडा उचलत न्हाई."

मी साहेबांना म्हणालो, "हा नाही."

"कशावरून?"

"चोरलेली वस्तू कुणी आपल्याच दारात रोज चारचौघांत फिरवत नाही. आणि कानाला बिल्ला असलेलं जनावर तर नाहीच निवडत. याच्याकडे बिनबिल्ल्याची पिल्लं होती."

"जमादारकी करून करून तुम्ही हट्टी झालात," साहेब म्हणाले. ते खरं होतं. पण संध्याकाळपर्यंतची मुदत दिली त्यांनी.

पट्टा ओळखायला मॅडमना ठाण्यात बोलावलंच होतं. मी म्हणालो, "रानातून गावात तो कसा आला तेवढं दाखवा." त्यांनी नकाशा उघडला. ओढ्याकडेला, मक्याच्या रानांत, पट्टा बराच वेळ एका जागी थांबला होता. डुक्कर मक्यात झोपलं असेल असं त्यांनी तेव्हा धरलं होतं. तिथून भर दुपारी तो रस्त्या-रस्त्याने नाल्यापाशी आला होता.

मॅडमनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. "डुक्कर असं वळणं घेत रस्त्याने जात नाही. आणि इतकं जोरात तर नाहीच. ही मोटारसायकल आहे."

"जागा नेमकी सांगता येईल?"

"थोडी इकडे-तिकडे होते."

त्या जागी तीन शेतकऱ्यांचे बांध एकमेकांना भिडतात. तिघांनाही ठाण्यात बोलावता आलं असतं. पण ठाण्यातल्या बाकावर खराही घाबरतो आणि खोटाही घाबरतो, त्यातून काही कळत नाही. आपल्या रानात माणूस ऐटीत असतो. मी दुपारी एका शिपायाला घेऊन तिथे गेलो. पहिल्या दोघांनी बांध दाखवला, रानडुकरांना शिव्या घातल्या, मका दाखवला. दोघांचाही मका पार लोळवलेला होता. तिसऱ्याचा मका उभा. हे तात्या म्हणजे गावातले वजनदार बागायतदार, आणि डुकरंवाल्याला हलवायच्या ठरावात सगळ्यात पुढे.

"तात्या, तुमच्याच मक्यात डुक्कर कसं शिरत नाही?"

"राखन करतो साहेब. फटाके वाजवतो."

"बांधाला तार लावली होती? विजेची?"

"छ्या. तसलं काम आपुन करत न्हाई. बघा की, कुटं तार हाय का."

तार नव्हती. खुंट्या नव्हत्या. माती सारखी केलेली. तात्या मला विहीर दाखवायला पुढे निघाले. वाटेत मोकळा बांध होता, गवतसुद्धा नाही. तात्या बोलत बोलत बांधापाशी आले आणि त्यांनी पाय गुडघ्याएवढा वर उचलून पलीकडे टाकला. मग दुसराही तसाच. आणि पुढे चालू लागले, बोलणं तसंच सुरू.

मी बांधावर थांबलो. खाली पाहिलं. ओलांडण्यासारखं काहीच नव्हतं. एखाद्याची चालच तशी असेल, म्हणून लगेच बोललो नाही. विहिरीपाशी बसलो, इकडचं तिकडचं बोलत वेळ काढला. थोड्या वेळाने त्यांची बायको वस्तीवरून चहा घेऊन आली. एका हातात किटली, दुसऱ्या हातात कप. बांधापाशी आली आणि तिनेही तिथेच पाय वर उचलून पलीकडे टाकला.

"वहिनी," मी म्हणालो, "तिथं काय ओलांडलंत?"

ती जागच्या जागी उभी राहिली. आधी खाली पाहिलं, मग नवऱ्याकडे. तात्या म्हणाले, "सवय आसती बायांना."

"तुम्हीही ओलांडलंत तात्या. मी पाहिलंय."

ते विहिरीकडे वळले. बोलली ती बाई. किटली खाली ठेवली आणि नवऱ्याकडे बघून म्हणाली, "म्या तवाच म्हनलं हुतं न्हवं? येक दिस माझाच पाय लागंल म्हनून? दिवसा बंद आसती म्हनायचात. भरवसा कुनाचा? रोज जीव मुठीत धरून ह्या बांधावरनं आलेय मी. आता तार न्हाई तरी पाय खाली टेकत न्हाई."

त्यानंतर तात्यांना विचारायला लागलं नाही. विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतून विजेची तार ओढली होती. पट्ट्याचं डुक्कर तारेला लागून मेलं. ते त्यांनी ओढ्याच्या कडेला पुरलं आणि त्याच दिवशी तार काढली. राहिली डबी.

"फोडून विहिरीत टाकायची होती," माझा शिपाई म्हणाला.

"आन मग?" तात्या म्हणाले. "मॅडमनी मिटिंगमधी सांगितल्यालं, पट्टा बंद पडला की शेवटच्या जागंवर येऊन बघत्यात. शेवटची जागा माजीच निघाली आसती. म्हनलं, चालत राह्यला म्हंजी कोन इचारत न्हाई. नाल्यावर डुकरीन पडल्याली हुती. पोट खाजवलं, गळ्यात घातला."

"आणि त्या म्हाताऱ्याला गावाबाहेर काढायचा ठराव?"

"ते आपसूक झालं साहेब. लोकंच म्हनायला लागली."

"आणि तुम्ही पुढं झालात."

चहा तसाच राहिला.

पुरलेली जागा त्यांनी दाखवली, पंचांसमक्ष खूण केली. पुढची कारवाई वन खात्याची आणि तारेची वेगळी, ती रीतसर झाली. साहेब फोनवर म्हणाले, "घेऊन या ठाण्यात." मी म्हणालो, "आणतो, पण वाट गावातनं आहे."

शिपायाला ठाण्यात पाठवून म्हाताऱ्याला जीपने आणायला सांगितलं. मी तात्यांच्या मागे, त्यांच्याच मोटारसायकलवर बसून पारापाशी येऊन थांबलो. माणसं तीच होती. तात्यांना म्हणालो, "मला सांगितलंत ते इथं सांगा. मी जबरदस्ती करत नाही. पण उद्या ग्रामसभेत मी सांगितलेलं आणि आज तुम्ही सांगितलेलं, यात फरक पडेल." तात्या गाडीवरून उतरले. मग सांगितलं, मान वर न करता, पण सगळं सांगितलं. मॅडमही आल्या होत्या. त्या पुढे होऊन म्हणाल्या, "रानडुक्कर नाल्यावर कधी आलंच नव्हतं. माझा तेवढा नकाशा चुकला होता. नाल्यावरच्या डुकरांचं रक्त तपासलंय, त्यांना कसलाही रोग नाही."

तेवढ्यात जीप आली. म्हातारा उतरला आणि कुणाकडे न बघता घराकडे चालू लागला. आम्ही सगळे मागे. आवाराच्या तोंडाशी तात्या त्याच्या पुढे जाऊन उभे राहिले. काहीतरी बोलायचं होतं त्यांना, हात जोडायला वर आले होते.

म्हातारा म्हणाला, "तात्या, दारातनं बाजूला व्हा. डुकरं सोडायचीत."

तात्या बाजूला झाले. म्हाताऱ्याने काट्यांचं झाप ओढलं आणि डुकरं आमच्या पायांमधून नाल्याकडे पळाली. ठराव दुसऱ्या दिवशी वाचलाच गेला नाही.

या केसने मला एक गोष्ट शिकवली, ती मी रिटायर होईपर्यंत पाळली. संशयित निर्दोष निघाला की त्याला ठाण्याच्या दारातून "जा आता" म्हणून सोडायचं नाही. ज्यांच्या देखत जीपमध्ये बसवला, त्यांच्याच देखत आणून उतरवायचा. पारावर माणसं बसली असतील तर तिथे गाडी हळू करायची. हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. नव्या पोरांना मी सांगायचो, ती हसायची. हसोत. मी म्हणायचो, तुम्हाला एकदा तसं नेलं की कळेल.